शर्यत त्याची, पाटल्या कुणाच्या?

माझ्या आजीच्या हातात मी सोन्याच्या पाटल्या कधी पाहिल्याच नाहीत. हिरव्या काचेच्या चार-चार बांगड्या, बस्स. लहानपणी मला वाटायचं, हिला दागिन्यांची हौसच नसेल. मग एकदा मे महिन्यात आगोटीची कामं चालली होती. ओटीवर बसून ती सुके बोंबील डब्यात भरत होती आणि मी आपली सहज विचारून बसले. तर मान वरही न करता म्हणाली, ‘होत्या की गो. बैलांनी खाल्ल्या.’

आजोबांना शर्यतीचा नाद होता. आमच्या या किनाऱ्यावर, अलिबाग, नागाव, रेवदंड्यापासून पार मुरूडपर्यंत, ओहोटीला समुद्र मागे हटला की ओली वाळू कशी घट्ट होते ते इथल्या बायकांना सांगायला नको. त्या वाळूवरून बैलगाड्या पळायच्या, घोडागाड्या पळायच्या आणि दोन्ही बाजूंना ही गर्दी! शर्यतीचा बैल म्हणजे घरातला लाडका जावईच. त्याला नांगराला जुंपायचं नाही, त्याचा खुराक वेगळा, त्याला राखायला माणूस वेगळा. एका वर्षी एक जोडी आजोबांच्या डोळ्यांत भरली, हातात पैसे नव्हते, आणि पाटल्या मोडल्या गेल्या. जोडी एकदा पहिली आली म्हणे. आजोबांची गुलाल उधळत मिरवणूक निघाली. पुढच्या वर्षी एक बैल पायानं अधू झाला आणि विषय संपला. ‘जिंकली तेव्हा नाव ह्यांचं झालं, हरली तेव्हा पाटल्या माझ्या गेल्या,’ असं आजी म्हणायची. त्यात रडगाणं नसायचं. दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगायची.

हे सगळं परवा आठवलं ते आमच्या शेजारच्या वहिनींमुळे. संध्याकाळी दिवे लागणीला आल्या. हातात नारळाच्या वड्यांची डबी, पण चेहरा काही वड्या द्यायला आल्यासारखा नव्हता. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग पिशवीतून एक छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

त्यांना दोन मुलं. थोरली मुलगी वीस वर्षांची, धाकटा मुलगा चौदाचा. दोन वर्षांपूर्वी धाकटा सुट्टीत नवी मुंबईला मामाकडे गेला होता, तेव्हा मामानं त्याला गो-कार्टिंगला नेलं. गो-कार्ट म्हणजे ती जमिनीला चिकटून धावणारी, वरून उघडी, बुटकी गाडी. तेव्हापासून पोराच्या डोक्यात दुसरं काही नाही. भिंतीवर व्हर्स्टापेन, मोबाइलवर हॅमिल्टन. कुणा प्रशिक्षकानं ‘हात चांगला आहे’ म्हटलं आणि आता एका प्रशिक्षण संस्थेनं हा कागद दिलाय. पहिल्या वर्षाचे इतके लाख, दुसऱ्या वर्षाचे इतके, मग परदेशी सराव आणि त्याचा आकडा वेगळा. वहिनींच्या यजमानांनी ठरवलंय की मागची अर्धी वाडी विकायची. नारळ-पोफळीची, विहिरीसकटची वाडी. मुंबईची पार्टी तयारच आहे, त्यांना बंगला बांधायचाय. २०२० साली मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून गाडी घालून थेट इथे येता येतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नाही.

‘मग अडलं कुठं?’ मी विचारलं.

‘वाडी वडिलोपार्जित ना. त्यांचा वकील म्हणतो, बायकोची आणि वीस वर्षांच्या मुलीची संमतीची सही लागेल,’ वहिनी म्हणाल्या. ‘ताई, तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हीच सांगा. नाही म्हटलं तर मी पोराच्या आयुष्याची वैरीण ठरणार. हो म्हटलं तर वाडी गेली. मी काय करू?’

खरं सांगते, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या घरात रविवारी संध्याकाळी टीव्हीवर त्या गाड्या घूं घूं करत फिरायला लागल्या की मी स्वयंपाकघरात निघून जाते. पण वहिनींना ‘बघते हं’ म्हटलं होतं. मग भाच्याला पकडलं, आठ-दहा दिवस जमेल ते वाचलं आणि जे कळलं त्यानं माझीच झोप उडाली.

या खेळात ‘सीट’ हा शब्द फार चालतो. अमक्याची सीट गेली, तमक्याला सीट मिळाली. आपल्याला सीट म्हटलं की एसटीची खिडकीजवळची आठवते, बाहेरून रुमाल टाकून धरलेली. इथला रुमाल फार महाग आहे. फॉर्म्युला वनमध्ये २०२५ पर्यंत दहा संघ होते, म्हणजे साऱ्या जगात मिळून वीस जागा. २०२६ पासून अकरावा संघ धरून त्या बावीस झाल्या. त्यातले बरेचसे चालक वर्षानुवर्षं उठत नाहीत. म्हणजे एखाद्या वर्षी रिकाम्या होणाऱ्या जागा दोन-चार, फार तर सहा. आणि त्यांच्यासाठी रांगेत कोण? वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून कार्ट चालवणारी जगभरातली पोरं.

रांगही साधी नाही. आधी कार्टिंग, मग फॉर्म्युला फोर, मग थ्री, मग टू. त्यात नंबर काढून तीन वर्षांत चाळीस गुण मिळवायचे, सहसा अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तेव्हा कुठे ‘सुपर लायसन्स’ नावाचा परवाना मिळतो. परवाना मिळाला म्हणजे सीट मिळाली असं नाहीच. बीएड झालं म्हणजे लगेच शाळेत नोकरी लागते का, तसंच! आणि या प्रत्येक पायरीवर पगार मिळत नाही, उलट मुलालाच पैसे भरावे लागतात. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च वीस कोटी रुपयांच्या पुढे सांगितला जातो. कोटी, मैत्रिणींनो! मी तीनदा शून्यं मोजली.

आता आपल्या देशाचं बघा. आजवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेले भारतीय दोनच. २००५ साली नारायण कार्तिकेयन आणि २०१० साली करुण चंधोक, दोघंही तामिळनाडूचे. २०१२ नंतर तर एकही भारतीय तिथल्या शर्यतीत दिसलेला नाही. नोएडाजवळ मोठा ट्रॅक बांधला, २०११, २०१२, २०१३ अशी तीन वर्षं तिथे शर्यत झाली, मग तीही बंद पडली. हा खेळ की करमणूक, म्हणजे करमणूक कर भरायचा की नाही, यावरही तिथे मोठा वाद झाला होता.

आपल्या महाराष्ट्रातून सगळ्यात जवळ पोचला तो मुंबईचा जेहान दारूवाला. त्याची गोष्ट मी वहिनींना मुद्दाम सांगितली. २०११ साली ‘फोर्स इंडिया’ संघानं देशभरातून मुलं शोधायची मोहीम काढली होती. तिच्यातून जी तीन मुलं निवडली गेली त्यात हा तेरा वर्षांचा जेहान होता. तिथून तो युरोपात गेला. २०१९ साली फॉर्म्युला थ्रीमध्ये जगात तिसरा आला. २०२० साली रेड बुलसारख्या बलाढ्य संघाच्या ज्युनियर चमूत गेला आणि त्याच डिसेंबरमध्ये बहारीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षी एकूण क्रमवारीत सातवा. २०२२ साली मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडी चाचणीसाठी चालवूनही झाली. एवढं सगळं होऊन फॉर्म्युला वनची सीट? नाही मिळाली. मग तो फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेत गेला, २०२४ चा हंगाम मासेराटीकडून खेळला आणि पुढच्या हंगामात ती सीटही दुसऱ्याला गेली.

आता सांगा, या मुलाला कुणी नापास म्हणेल? मी तर म्हणणार नाही. जगात ज्या खेळात तिसरा, सातवा आला तो मुलगा कमी कसला? पण तो ज्या घरातून आला ते मोठ्या उद्योगपतीचं घर होतं. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन शर्यती खेळून आला, तेही नामवंत राजकीय घराणं. या मुलांची मेहनत खोटी नाही, पण मेहनतीच्या पाठीशी भक्कम पाया होता. सीट नाही मिळाली तरी घरचं छप्पर जागेवर राहिलं. आणि ज्या फोर्स इंडियानं ती मोहीम काढली, तो संघच २०१८ साली कर्जापायी डबघाईला आला. संघाचा जिथे भरवसा नाही, तिथे आपल्या पाठच्या वाडीचं काय घेऊन बसलात?

यावर वहिनींच्या यजमानांचं उत्तर तयार होतं, कारण पोरानं त्यांना मोबाइलवर दाखवून ठेवलं होतं. एस्तेबान ओकॉन नावाचा फ्रेंच मुलगा आहे. वडील गॅरेजवाले. पोराच्या शर्यतींसाठी त्यांनी राहतं घर विकलं आणि सगळं कुटुंब गाडीला जोडायच्या घरात, कॅराव्हॅनमध्ये राहायला लागलं. तो मुलगा २०१६ साली फॉर्म्युला वनमध्ये पोचला आणि २०२१ साली हंगेरीची शर्यत जिंकला. लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनीही पोराच्या कार्टिंगसाठी एकावेळी दोन-तीन कामं केली आणि पुढे हा मुलगा सात वेळा जगज्जेता झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वाचताना माझ्याही घशात आवंढा आला.

पण मला सांगा, ज्यांनी घर विकलं आणि मुलगा पोचला नाही, त्यांच्या गोष्टी कुठे छापून येतात? बावीस जागांच्या मागे हजारो पोरं धावतायत, म्हणजे अशी घरंही कितीतरी असणार. त्यांचे फोटो नाहीत, मुलाखती नाहीत. लॉटरी लागलेल्याचा फोटो पेपरात येतो, न लागलेल्यांची तिकिटं रस्त्यात पडलेली असतात. ओकॉनची गोष्ट ऐकून वाडी विकणं म्हणजे गुलालानं माखलेले आजोबा बघून पाटल्या काढून देण्यासारखं आहे. अधू झालेला बैल मिरवणुकीत नसतो.

आणि हॅमिल्टनच्या बापाचं एक लक्षात घ्या. त्यानं कामं वाढवली. तेराव्या वर्षी पोराला मॅक्लारेननं हाताशी धरलं, तेव्हा पुढचा भार हलका झाला. म्हणजे बाहेरच्या कुणाला तरी त्या मुलात इतकं काही दिसलं की त्यांनी स्वतःचे पैसे लावले. मला तर हीच खरी परीक्षा वाटते. जो संस्थावाला ‘तुमचा मुलगा हिरा आहे’ म्हणतो, तो त्या हिऱ्यावर स्वतःचे चार पैसे लावतो का? की आपल्याकडूनच घेतो? फी घेणाऱ्याचं कौतुक आणि फी माफ करणाऱ्याचं कौतुक यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नाच, गाणं, क्रिकेट, क्लास, सगळीकडे हे लागू आहे.

जिवाची भीती तर वेगळीच. २०१९ साली बेल्जियमला फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आन्त्वान ह्युबेर हा बावीस वर्षांचा मुलगा गेला. २०२३ साली तिथेच एक अठरा वर्षांचा. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर मोटारसायकल शर्यतीत बंगळूरुचा तेरा वर्षांचा मुलगा गेला. तेरा! हे वाचल्यावर मी वहिनींना ते सांगावं की नको, असा विचार करत बसले. शेवटी सांगितलं. सही मागताना हेही सांगायला हवं होतंच ना कुणीतरी? तरी न्यायानं हेही म्हणते, की ट्रॅकवर निदान हेल्मेट, डॉक्टर, नियम असतात. आमच्या वडखळ-अलिबाग रस्त्यावर रात्री बारानंतर बाइक उडवणाऱ्या पोरांपेक्षा ट्रॅकवरचं पोर मला कधीही जास्त शहाणं वाटेल. भीतीपायी आपण मुलांचं पाऊलच बांधून ठेवावं असं माझं म्हणणं नाही.

आता खरी गोष्ट. बोलता बोलता मी वहिनींना विचारलं, ‘थोरलीचं काय म्हणणं आहे?’

‘तिचं काय असणार?’ वहिनी म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘तिला विचारलंच नाही हो कुणी.’

ही थोरली मी रोज बघते. बारावीनंतर तिला मेकॅनिकल इंजिनीअरिंगला जायचं होतं, पण कॉलेज लांब, होस्टेलचा खर्च, म्हणून बीकॉमला घातलं. वडिलांची पाठ दुखायला लागल्यापासून घरचा ‘छोटा हत्ती’ टेम्पो तीच चालवते. पहाटे नारळ भरून बाजारात. आमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं, समोरून पर्यटकांची मोठी गाडी आली की शिव्याशाप सुरू. ही मुलगी भरलेला टेम्पो पन्नास-शंभर फूट रिव्हर्स घेते, कुंपणाचं पानही हलत नाही. एकदा टेम्पो बंद पडला तर स्वतः वाकून, हात काळे करून चालू केला. तेव्हा कुणी म्हटलं नाही की ‘हात चांगला आहे’. म्हणाले काय, तर ‘अगं, पोरीच्या जातीला शोभतं का हे!’

मुलगा गाडीच्या मागे लागला तर ती त्याची आवड, मुलगी गाडी चालवते तर ती घरची गरज. त्याच्या आवडीसाठी वाडी विकायची आणि त्या कागदावर तिनं सही करायची!

आणि म्हणे ‘मुलींचं हे क्षेत्रच नाही’. पुण्याच्या डायना पंडोळे बघा. शाळेत शिकवणाऱ्या, दोन मुलांची आई. २०१८ साली स्त्रियांसाठीच्या एका प्रशिक्षण उपक्रमातून त्या रेसिंगमध्ये आल्या आणि २०२४ साली चेन्नईला पुरुषांच्या बरोबरीनं गाडी पळवून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. असं करणारी ती पहिली भारतीय स्त्री. चौथ्या वर्षी कार्टमध्ये बसवलेली राजकन्या नव्हे, घरसंसार, नोकरी सगळं सांभाळून उभी राहिलेली बाई.

अर्थात बायकांची वाट सोपी आहे असं कुणी समजू नये. फॉर्म्युला वनच्या सगळ्या इतिहासात स्पर्धेला उतरलेल्या स्त्रिया पाच. त्यातल्या एकीलाच, इटलीच्या लेला लोम्बार्दीला, १९७५ साली गुण मिळाला, तोही अर्धा! १९९२ नंतर तर कुणीही नाही. २०१९ साली केवळ मुलींसाठी ‘डब्ल्यू सीरिज’ निघाली. तिथे चालकांकडून पैसे घेत नसत. जेमी चॅडविक नावाच्या इंग्लिश मुलीनं तिचे तिन्ही हंगाम जिंकले, पण फॉर्म्युला वनचं दार तिलाही उघडलं नाही. २०२२ साली ती स्पर्धा पैशाअभावी अर्ध्यातच गुंडाळली. २०२३ पासून ‘एफ वन अकॅडमी’ सुरू झाली आहे, बघू या.

पण वाचताना एक गंमत सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या ओकॉनच्या आईबापांनी घर विकलं, तो २०२५ साली हास संघाकडून खेळायला लागला. शर्यत चालू असताना त्याच्या कानातल्या यंत्रात जो माणूस बोलतो, आता टायर बदल, आता सावकाश, आता सोड गाडी, तो असतो रेस इंजिनीअर. ओकॉनचा तो ‘माणूस’ म्हणजे लॉरा म्युलर नावाची बाई. फॉर्म्युला वनमध्ये ते पद पूर्णवेळ मिळालेली पहिली स्त्री. एका सीटसाठी हजार पोरं भांडतात, पण त्या सीटच्या मागे इंजिनीअर, मेकॅनिक, हिशेबनीस अशी शेकडो माणसं असतात आणि तिथे कुणाचं घर विकावं लागत नाही, शिकावं लागतं. आपल्याकडच्या कितीतरी इंजिनीअरिंग कॉलेजांत मुलंमुली मिळून स्वतः रेसिंगची गाडी बनवतात, स्पर्धेत उतरवतात. थोरलीला इंजिनीअरिंगला घातली असती तर... असो. ‘असो’ म्हणून आपण बायकांनी फार गोष्टी सोडून दिल्या आहेत.

आता सहीचं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ सालीच दिला, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना. २००५ साली तो सगळ्या देशात, सगळ्या मुलींना मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट सांगितलं, की हा हक्क जन्मानं मिळतो, त्या वेळी वडील हयात असोत वा नसोत. म्हणजे ती वाडी जितकी धाकट्याची, तितकीच थोरलीची. पण आपल्याकडे मुलीची आठवण कधी होते? हक्कसोडपत्रावर सही हवी असते तेव्हा! एरवी ‘तू परक्या घरी जाणार’, आणि तलाठ्याकडे जायच्या दिवशी ‘ये गं बाळा, इथे सही कर’. आणि सही केली की ती प्रेमानं केली म्हणायचं.

मला या ‘प्रेमाच्या’ सह्यांची भीती वाटते. नवऱ्यावर विश्वास नाही का, पोरावर माया नाही का, भावापेक्षा जमीन मोठी का, असे प्रश्न फक्त बायकांनाच विचारले जातात. कागद न वाचता सही करणं हा मायेचा पुरावा कधीपासून झाला? आई नको म्हणाली तर ती वैरीण नसते. घरातलं एक तरी माणूस हरल्यानंतरच्या दिवसाचा विचार करतंय, एवढाच त्याचा अर्थ. गुलालाचा विचार करायला सगळा गाव आहे.

म्हणून मी वहिनींना जे सांगितलं, तेच इथे लिहिते. पटलं तर घ्या.

पोराला गाडी चालवू द्या. त्याचं स्वप्न हसण्यावारी नेऊ नका. पण स्वप्नाचा खर्च मिळकतीतून करा, जमिनीतून नाही. वर्षाला अमुक एवढे आणि दोनच वर्षं, असं आधी ठरवा, त्याच्यासमोर बसून ठरवा, कागदावर लिहा. चौदा वर्षांच्या मुलाला आकडे कळतात. त्याला सगळं खरं सांगा, बावीस जागा, वीस कोटी, जेहानची गोष्टही सांगा. आणि जर वाडीच विकली, तर तो ट्रॅकवर नुसती गाडी नाही चालवणार. त्याच्या पाठीवर विहीर, नारळ, पोफळी, आईची सही आणि बहिणीचा हिस्सा असणार. एवढं ओझं घेऊन कुणी जोरात पळतं का? एखाद्या दिवशी त्याला वाटलं, पुरे झालं, मला नाही करायचं, तर ते म्हणायची सोय तरी उरेल का?

आणि जे त्याला द्याल, तेवढंच तिला द्या. त्याच्या कार्टिंगला दोन लाख तर तिच्या शिक्षणाला दोन लाख. तिला अजून इंजिनीअरिंगच्या डिप्लोमाला जायचं असेल तर वय काही गेलेलं नाही. जायचं नसेल तर तिच्या नावावर ठेवा. पण आधी तिला विचारा. तिच्या पुढ्यात सहीचा कागद ठेवण्याआधी एक कोरा कागद ठेवा आणि म्हणा, तुला काय हवंय ते लिही.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘हे घरी बोलायचं म्हणजे...’ वाक्य पुरं केलं नाही. मलाही ते पुरं करता आलं नाही. इथे बसून लिहिणं सोपं आहे. जेवायला बसलेल्या नवऱ्यासमोर, रुसून बसलेल्या पोरासमोर बोलणं किती कठीण, ते मला का माहीत नाही? माझ्या आजीलाही बोलता आलं नव्हतं. पाटल्या काढून दिल्यावर तिनं हिशेब सांगितला, तोही बोंबील भरताना, नातीला.

एक मात्र बघा. २०१४ साली बैलगाडी शर्यतीवर बंदी आली, तेव्हा किती मोर्चे निघाले, किती पुढारी धावले, नवा कायदा केला, कोर्टात गेले. २०२१ साली परवानगी मिळाली, २०२३ साली घटनापीठानंही कायदा उचलून धरला. शर्यतीसाठी एवढं सगळं होऊ शकतं. शर्यतीत मोडलेल्या पाटल्यांबद्दल मात्र कुठे कुणी अर्ज केल्याचं मी ऐकलं नाही. तो अर्ज आपणच करायचा असतो, आपल्याच घरात.

काल सकाळी वहिनी कुंपणापाशी भेटल्या. म्हणाल्या, ‘अजून सही केली नाही.’ एवढंच. पुढे काही ठरलं का, मी विचारलं नाही. मागून टेम्पोचा हॉर्न वाजला. थोरली नारळ टाकून परत येत होती. आम्ही दोघी बाजूला झालो. तिनं एका हातानं स्टिअरिंग फिरवलं आणि टेम्पो फाटकातून आत घातला, एका झटक्यात. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, ‘हात चांगला आहे हो हिचा.’